पांढुर्ण्याची सात वाजताची अमेरिका

"मला व्होल्टेज शिकवून राहिले का तुम्ही?"

उर्मिलाबाईंनी असं म्हटलं की समोरच्यानं गप्प बसायचं असतं, हे पांढुर्ण्यात लहानथोरांना ठाऊक होतं. मुलींच्या शाळेत गेली सहा वर्षं त्या विज्ञान शिकवत होत्या. गल्लीत कोणाचा फ्यूज उडाला तर लोक आधी त्यांना हाक मारत, मग लाइनमनला. पण नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या त्या फॉरेनच्या मालाच्या दुकानदाराला हे कोण सांगणार? त्या बिचाऱ्यानं काउंटरवर केस सरळ करायची तीन मशिनं मांडली होती आणि तो मोठ्या उत्साहानं करंट समजावत होता.

"बरं मॅडम, नाही शिकवत," तो म्हणाला. "फक्त पहा. हे दोनशे वीसवालं. इथे मस्त चालते, पण अमेरिकेत कोमटच राहते. हे बटनवालं, बटन फिरवलं की दोन्हीकडे चालते. आणि हे खास अमेरिकेचं, एकशे दहाचं. हँडल दुमडते, पर्समध्ये जाते. प्रवासासाठीच आहे."

पहिलं मशीन उर्मिलाबाईंनी हातातसुद्धा घेतलं नाही. अमेरिकेत जाऊन कोमट लोखंड डोक्यावरून फिरवायला त्या काय वेड्या होत्या? दुसऱ्याचं बटन त्यांनी नखानं ढकललं. ते टुणकन फिरलं.

"हे पहा! नखानं फिरते. बॅगेत कपड्यांच्या धक्क्यानं नाही फिरणार कशावरून?"

"आजपर्यंत कोणाची तक्रार नाही आली, मॅडम."

"तक्रार करायला लोक अमेरिकेहून बर्डीवर येतील का, भाऊ?"

राहिलं तिसरं. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं, हलकंफुलकं, क्रीम रंगाचं. दोन गुळगुळीत पट्ट्या, त्यांच्यात केसांची बट धरायची, आतली स्प्रिंग ती घट्ट दाबून ठेवणार. उर्मिलाबाईंचा जीवच जडला त्याच्यावर. "हे लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

"कसं लावू? इथला करंट लागला तर जळून जाईल ना!"

"मग चालू आहे की बंद पडलेलं, हे कसं कळन?"

"ते तिकडे गेल्यावर कळते."

आता बघा, पांढुर्ण्यात माणूस साधा साठचा बल्ब घ्यायला गेला तरी दुकानदार तो होल्डरात लावून पेटवून दाखवतो. गिऱ्हाईक बल्बकडे बघतं, मान हलवतं, मगच बल्ब खोक्यात जातो. अशा गावची विज्ञानाची बाई न लावलेलं मशीन घेऊन सात समुद्रापार जाईल, हे शक्यच नव्हतं. बरीच घासाघीस झाल्यावर दुकानदार कबूल झाला, की आठ दिवसांत पसंत पडलं नाही तर परत घेईन. "पण जळालेलं घेणार नाही हां!" हे मात्र त्यानं तीनदा सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? तर श्रीकांतरावांसाठी!

उर्मिलाबाईंचे केस जन्मापासून कुरळे. नुसते कुरळे नाहीत, हट्टी कुरळे! कंगवा आत जायचा तो बाहेर येताना दोन दात कमी घेऊन यायचा. म्हणून सौंसरला माहेरी बघण्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा त्यांच्या आईनं वाटीभर खोबरेल तेल ओतून, केस चापूनचोपून, अशी घट्ट वेणी घातली होती की उर्मिलाबाईंच्या भुवया दिवसभर वर ओढलेल्या राहिल्या. श्रीकांतरावांनी ती वेणी पाहिली आणि होकार दिला. लग्नानंतर एकवीस दिवसांत ते अमेरिकेला नोकरीवर रुजू व्हायला गेले. त्या एकवीस दिवसांत उर्मिलाबाईंनी तेलाचं बोट डोक्यावरून हलू दिलं नाही. आणि दोन वर्षं झाली, श्रीकांतरावांच्या दर पत्रात एक ओळ ठरलेली: तुझे ते रेशमासारखे सरळ केस फार आठवतात.

दर वेळी ती ओळ वाचून उर्मिलाबाईंना आधी गुदगुल्या व्हायच्या आणि मग हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जायचा. शेवटच्या पत्रात तर कहर झाला. व्हिसा झाला, मार्चच्या तीन तारखेचं तिकीट निघालं, आणि खाली एक टीप: इथे डोक्याला तेल लावून बाहेर पडत नाहीत, तेव्हा तेलाच्या बाटल्या आणू नकोस.

तेल गेलं म्हणजे सगळंच गेलं! नवरा म्हणून जो माणूस जेमतेम तीन आठवडे पाहिला, त्याला पहिल्याच सकाळी उशीवर हे जंगल दिसणार. तो म्हणेल, मला फसवलं. नको रे बाबा! उर्मिलाबाईंनी निश्चय केला. रोज श्रीकांतराव उठायच्या अर्धा तास आधी उठायचं आणि मशिनानं केस सरळ करायचे. आयुष्यभर करावे लागले तरी चालेल.

घरात हे गुपित फक्त सासूबाईंना, वत्सलाबाईंना माहीत होतं. लग्नानंतर महिन्याभरानं सून पहिल्यांदा शिकेकाईनं न्हाली आणि केस वाळवत अंगणात आली, तेव्हा वत्सलाबाई सूप टाकून उभ्याच राहिल्या होत्या. "बाप्पा! हे कोणाचे केस होय?" मग पाच मिनिटं विचार करून म्हणाल्या, "श्रीकांतला नको कळवू. पोरगं आधीच परमुलखात एकटं आहे." तेव्हापासून दोघी एका पक्षात होत्या.

नागपूरहून आणलेलं मशीन दोघींनी देवघरासमोर पाटावर ठेवलं. वत्सलाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं.

"चालते का पण हे?"

"तेच तं पाहायचं आहे, आई. एकशे दहा व्होल्ट पाहिजे. इथे कुठून आणू?"

आणि त्याच क्षणी डोक्यावरचा बल्ब मंदावला. रोजच मंदावायचा. संत्र्याच्या बागांना पाणी द्यायचे दिवस होते. संध्याकाळ झाली की पांढुर्ण्याच्या चहूबाजूंचे मोटारपंप एकदम सुरू व्हायचे आणि गावातल्या बल्बांच्या तारा तेवढ्या लाल दिसायच्या. पंखा इतका हळू फिरायचा की त्याची पाती मोजता यायची. लोक शिव्या द्यायचे. पण उर्मिलाबाई त्या लाल तारेकडे अशा बघत राहिल्या की वत्सलाबाई घाबरल्या.

"काऊन वो? काय झालं?"

"आई, हलू नका!" असं ओरडून त्या शाळेकडे धावल्या, चौकीदाराकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि व्होल्टमीटर घेऊन आल्या. दोन पिना सॉकेटमध्ये खुपसल्या. काटा थरथरत एकशे चौदावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सातला एकशे दहा. तिसऱ्या दिवशी एकशे बारा. पाच दिवस त्यांनी कॅलेंडरवर आकडे लिहिले आणि पाचव्या दिवशी टाळी वाजवली.

"आई, अमेरिका रोज संध्याकाळी सातला आपल्या घरी येऊन राहिली!"

"मग येताना श्रीकांतलाही घेऊन ये म्हणावं तिला," वत्सलाबाई म्हणाल्या.

परीक्षा शनिवारी ठरली. पण उर्मिलाबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. व्होल्टेज दुप्पट झालं तर उष्णता चौपट होते, हे त्या दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवत. शनिवारी मध्येच व्होल्टेज वाढलं तर? म्हणून शुक्रवारी शाळेतून येताना त्यांनी लाइनमन उत्तमरावांना खांबाखाली गाठलं. उत्तमराव भला माणूस. त्यांची कुसुम गणितात आणि विज्ञानात दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्यांदा उर्मिलाबाईंकडे शिकायला आली आणि पहिल्या वर्गात पास झाली. तेव्हापासून बाई दिसल्या की उत्तमराव चालत्या सायकलवरून उतरत.

"उत्तमभाऊ, संध्याकाळी सातला व्होल्टेज किती राहते?"

उत्तमरावांची मान खाली गेली. "काय सांगू बाई. एकशे दहा-बाराच्या वर नाही जात. बागाईतले पंप सारं वढून घेतात."

"उद्याही तेवढंच राहीन ना? मला नेमकं सातलाच अमेरिकेचं मशीन लावून पाहायचं आहे. परवा-तेरवा निघायचं आहे, पुन्हा वेळ नाही."

"उद्या सातला. अमेरिकेचं मशीन. ध्यानात आलं, बाई!"

काय ध्यानात आलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. घोटाळा इथे झाला! नोकरीच्या पंधरा वर्षांत उत्तमरावांना हजार लोकांनी व्होल्टेजबद्दल विचारलं होतं, आणि हजारही जणांना ते वाढवून हवं होतं. कमी व्होल्टेज हवंय असा माणूस जगात असू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यांना वाटलं, बाई भिडस्त आहेत, तोंड उघडून मागत नाहीत. माझ्या पोरीला या बाईनं पास केलं आणि हिचं मशीन माझ्या गावात मरतुकड्या करंटवर चालावं? अजिबात नाही!

शनिवारी पावणेसातला तयारी झाली. उर्मिलाबाई शिकेकाईनं न्हाऊन, केस मोकळे सोडून आरशासमोर बसल्या. वत्सलाबाईंना व्होल्टमीटरसमोर पाटावर बसवलं. काचेवर एकशे तीसच्या जागी कुंकवाची रेघ ओढली.

"आई, काटा या रेघेच्या पलीकडे गेला की नुसतं ओरडायचं. बाकी काही नाही करायचं."

"डोळ्यात तेल घालून बसते," वत्सलाबाई म्हणाल्या आणि खरोखरच पापणी न हलवता बसल्या.

सातला बल्ब मंदावला. काटा एकशे बारा! उर्मिलाबाईंनी मशीन लावलं. मिनिटभरात पट्ट्या छान तापल्या. त्यांनी कानावरची एक बट धरली, वरून खाली ओढली, आणि काय सांगू! जन्मात कोणाचं न ऐकलेली ती बट सुतासारखी सरळ खाली उतरली.

"आई! चाललं!"

"बाकी काही नाही करायचं म्हणाली ना तू मला," वत्सलाबाई काट्यावरून नजर न काढता म्हणाल्या. 

उर्मिलाबाईंनी दुसरी बट सरळ केली, तिसरी केली, बटेमागून बट करत गेल्या. आरशात अर्धं डोकं श्रीकांतरावांच्या पत्रातलं दिसायला लागलं. त्यांना इतका आनंद झाला की पुढची बट त्यांनी चांगली मोठी, कपाळापासून कानापर्यंतची एकगठ्ठा धरली.

आणि तिकडे गावाबाहेर उत्तमरावांनी आपल्या दहा मिनिटं मागे चालणाऱ्या घड्याळात सात वाजलेले पाहिले आणि बागाईतच्या लाइनचा खटका ओढला.

दोनशे पंप एका दमात थांबले. पांढुर्ण्यात लख्ख उजेड पडला! कित्येक महिन्यांत असा उजेड कोणी पाहिला नव्हता. पंखा गरगरायला लागला. गल्लीतून "आली! आली!" असा गलका उठला. आता दिवेलागणीच्या वेळी दिवा उजळला की आपल्याकडे माणूस काय करतो? डोळे मिटून हात जोडतो! वत्सलाबाईंनी काट्यासमोर डोळे मिटले आणि हात जोडले. ते एक वेळ जाऊ द्या, त्या जुन्या वळणाच्या. पण विज्ञान शिकवणाऱ्या उर्मिलाबाईंनीही, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं, दोन्ही हात जोडले!

मशीन स्प्रिंगच्या जोरावर केसांना तसंच लटकत राहिलं.

"काही तरी करपून राहिलं, उर्मिला," डोळे मिटूनच वत्सलाबाई म्हणाल्या. "पोळी तं नाही राहिली तव्यावर?"

"आई! प्लग! प्लग काढा!"

वत्सलाबाईंनी घाबरून व्होल्टमीटरच्या तारा ओढल्या. मग उर्मिलाबाईंनीच झेप घेऊन मशिनाचा प्लग उपटला. क्रीम रंगाचं हँडल मऊ पडून वाकलं होतं, पट्ट्यांतून धूर निघत होता, आणि पट्ट्यांच्या मध्ये कपाळापासून कानापर्यंतची बट होती. डोक्यावर मात्र नव्हती.

 खोलीत उजेड इतका स्वच्छ होता की काही म्हणजे काही झाकलं जात नव्हतं.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. उर्मिलाबाईंनी डोक्यावर पदर ओढून दार उघडलं. उत्तमराव धापा टाकत उभे होते, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाई! भेटला ना करंट? पुरा दोनशे तीस देल्ला! तुमच्यासाठी बागाईत बंद केलं मी. म्हटलं, माह्या बाईचं मशीन आज फुल करंटवर चाललं पाहिजे!"

उर्मिलाबाईंच्या तोंडाशी जे शब्द आले होते ते विज्ञानाच्या पुस्तकात नव्हते. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते गिळून टाकले. 

त्या काही बोलणार, एवढ्यात फटफटीचा आवाज आला. बागाईतदार मधुकरराव आणि त्यांच्यामागे आणखी सात-आठ जण. सगळ्यांची धोतरं, पायजमे गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"कुठे आहे तो उत्तम? लाइन काऊन बंद केली बे? ऐन बहारात पाणी तोडलं! कोणाच्या हुकमानं केलं, बोल! सोमवारी साहेबासमोर उभा नाही केला तुला, तं पाहा!"

उत्तमरावांच्या चेहऱ्यावरचा आनंद झर्रकन उतरला. हुकूम कोणाचाच नव्हता. नोकरी जायची वेळ आली होती, आणि पोरीचं कॉलेज अजून दोन वर्षं बाकी होतं. ते नुसते "मालक, मालक" करत राहिले.

उर्मिलाबाई एक पायरी खाली उतरल्या. फळ्यासमोर उभं राहताना त्या ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात म्हणाल्या, "मधुकरराव, ओरडू नका. त्यांनी लाइन बंद केली म्हणून मी जिवंत आहे."

आणि डोक्यावरचा पदर खाली सोडला.

बागाईतदार दोन पावलं मागे सरकले. अर्धं डोकं सरळ, अर्धं कुरळं, आणि मधोमध करपलेलं मोकळं मैदान!

"घरात शॉर्ट सर्किट झालं. उत्तमभाऊंनी तिकडून लाइन तोडली नसती, तं आज तुम्ही माझ्या तिरडीला आले असते."

बागांची लाइन तोडल्यानं गावातलं घर कसं वाचलं, आणि घरातला दिवा आत्ताही का लख्ख जळतोय, असं कोणीही विचारू शकलं असतं. पण समोर विज्ञानाची बाई स्वतः सांगत होती! मधुकररावांनी टोपी काढली. "माफ कर रे, उत्तम," ते म्हणाले, "देवमाणूस आहेस तू." आणि सगळ्यांनी मिळून उत्तमरावांना चहाला नेलं. जाताजाता उत्तमराव मागे वळले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे... माह्याच्यानं झालं का?"

"छे हो! करंट एकदम फर्स्ट क्लास होता, भाऊ."

दार लावून उर्मिलाबाई भिंतीला टेकून मनसोक्त रडल्या. दोन दिवसांनी निघायचं होतं. खोबरेल नाही, मशीन नाही, आणि आता धड केसही नाहीत. शेवटी वत्सलाबाईंनीच ब्लाउजचं कापड कापायची कात्री आणली. सवाष्णीच्या केसांना लावायची म्हणून आधी कात्रीलाही हळदकुंकू लावलं. देवाची माफी मागत मागत त्यांनी करपलेल्या भागाला जुळवून सगळे केस कानाच्या वर कापले. वजन कमी झाल्याबरोबर उरलेले केस आणखीच उसळून कुरळे झाले.

"आता याच्यावर दुसरं मशीन आणून तरी काय करू?" उर्मिलाबाईंनी आरशात पाहून विचारलं. "दोन बोटं केसाला इस्त्री करायची कशी?"

"खरं सांगून टाक त्याला," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझं पोरगं वाईट नाही."

विमानात बसल्यापासून उर्मिलाबाईंनी ते वाक्य पाठ केलं. अहो, माझे केस पहिल्यापासून कुरळेच आहेत, मी तुमच्यापासून लपवलं, माझं चुकलं. एवढंच. पुढे काय व्हायचं ते होवो, पण विमानतळावर उतरल्याबरोबर, पदर खाली घ्यायच्या आधी सांगायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

बाहेर श्रीकांतराव जाड कोट घालून उभे होते. दोन वर्षांत थोडे वाळले होते. बायको दिसताच त्यांनी हात हलवला, मग धावतच आले आणि बॅगा घेण्याऐवजी नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. उर्मिलाबाईंनी डोळे मिटले, एका दमात म्हणाल्या, "अहो, माझे केस..." आणि तेवढ्यात वारा आला आणि पदर खांद्यावर पडला.

श्रीकांतरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"उर्मिला! हे तू केव्हा केलं?"

"तेच तं सांगून राहिले. हे केस..."

"अगं, माझ्या ऑफिसातल्या सगळ्या बायका हेच करून घेतात! तीन-तीन तास दुकानात बसून! पर्म म्हणतात याला. आणि त्यांचे नाही होत इतके छान! पांढुर्ण्यात बसून तुला कसं कळलं गं?" आणि मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला, डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठी केलं ना? इथल्या बायकांसारखी दिसावी म्हणून? एवढे लांब केस कापले माझ्यासाठी!"

पाठ केलेलं वाक्य उर्मिलाबाईंच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर! पण दोन वर्षं एकटा राहिलेला हा माणूस भर गर्दीत त्यांचा हात धरून रडत होता. आणि इतक्या जवळून त्यांनी त्याला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या.

गाडीत श्रीकांतराव सारखे त्यांच्याकडे बघत होते, सारखे हसत होते. बऱ्याच वेळानं, एका लाल दिव्यापाशी थांबल्यावर, ते जरा चाचरत म्हणाले, "रागावणार नसशील तर एक सांगू? फार सुंदर दिसून राहिली तू. पण मला आपले तुझे सरळ केसच जास्त आवडतात. अर्थात काही चिंता नाही! ऑफिसातल्या बायका सांगत होत्या, सहा महिन्यांत हे आपोआप उतरून जाते."

 उर्मिलाबाईंनी पदराखाली बोटं मोजली. आजची चार मार्च. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ होता.